बारदाना : भरपूर

हॅलो?… हॅलो!… कोण बोलते?… अवं जोरानं बोल, इथं काही ऐकू येऊन नाही राहिलं… कोण, राखी? पुण्यावरून?

हो, हो, मीच. तुझा काकाजीच बोलून राहिलो… सोसायटीच्या ऑफिसातून, आणखी कुठून? तारेचा फोन आहे हा, खिशात घालून पळता येत नाही.

काय दिसून राहिलं?… बोर्ड बंद? तुझ्या कंप्युटरवर लाल ठिपका आला?… मग ठिपका खरं बोलून राहिला बाई. बोर्ड बंदच आहे. बोर्ड जमिनीवर आहे.

पडला नाही वं, पाडला… बैलबंडीच्या उभारीनं, त्या लाकडी दांड्यानं. पहिल्या घावात अर्धा लटकला, दुसऱ्या घावात खाली. आता त्याच्यावर धोंडे टाकून राहिले. मेलेल्या सापावर टाकतेत ना, तसे.

रिस्टार्ट?… वायर काढून परत लावू? वायर यादोरावच्या हातात आहे… कोण यादोराव काय? तळ्याखालच्या धानाच्या मोठ्या बांध्या ज्याच्या आहेत तो. तुझ्या आजीच्या तेरवीले पंगतीत भात वाढत होता, "घे ना पोरी, घे ना" करत. तोच.

वायरीचं काय करून राहिला?… ते मागून सांगतो.

नाही, नाही, घाबरू नको. मी बरा आहे. मी आत आहे. दाराले आतून कडी आहे. संगं उदाराम आहे, आपला हमाल… एक मिनिट हं. उदाराम, ते लोखंडी कपाट सरकव दाराशी. रिकामं करू नको रे, रजिस्टरं राहू दे आत, वजनासाठीच तर सरकवाचं आहे… हां. वीस वर्षांच्या नोंदी आज पहिल्यांदा कोणाच्या कामी पडून राहिल्या. बोल, राखी.

किती लोक?… सकाळी मोजलो तवा ट्रॅक्टर एकसष्ट, बंड्या बावीस. माणसं आता मोजता येत नाहीत, एका जागी उभीच नाही राहून राहिली. दीडशे धर. बायका चार-दोनच.

नुकसान? लिहून घेशील तर सांगतो. काचा चार. वजनकाटा एक, त्याचं आकड्याचं तोंड फोडलं. पंखा एक… पंखा कसा काय? मलेही समजलं नाही, वरती होता. माणूस एक.

हो. माणूस.

अवं सांगतो ना, मधात तोडू नको!

बारदाना संपला, राखी. पोती वं, पोती. धान भरायची. काल दुपारी शेवटची गठाण फोडली. एका गठाणीत पाचशे पोती असतेत. चार वाजता तीही गेली. आपल्या धान खरेदी केंद्रावर एक पोतं नाही. आणि सहा वाजता तुझ्या मशीननं मेसेज सोडला. सहाशे चाळीस फोनावर. बोर्डावरही तोच, लाल अक्षरात, डावीकडं सरकत सरकत.

कोणता मेसेज?… सांगतो. 'बारदाना : भरपूर.'

…

हॅलो? आहेस का?… हो. भरपूर. तेच पाच अक्षरांचं… चार? बरं, चार.

मग लोक येणार नाहीत का? पहाटेपासून रांग लागली, सौंदडच्या फाट्यापर्यंत. बंडीत सुटं धान, वरती ताडपत्री, नाहीतर बायकोचं लुगडं. अकरा वाजता आभाळ उतरलं आणि शिंतोडे सुरू झाले. नोव्हेंबरात! धान भिजलं की दोन दिवसांत कोंब काढते, मग ते काट्यावर चढत नाही, बैलाच्या गव्हाणीत जाते. लोक म्हणतेत पोती द्या, आम्ही भरतो, तुमचा हमालही नको. आता पोती कुठून देऊ? माझ्या धोतराची शिवून देऊ?

तुझ्या मशीनमधी काय लिहिलं आहे?… शून्य?… पाहा. मशीनले शून्य माहीत होतं. सांगतानी भरपूर सांगितलं.

कसं काय म्हणजे?… हां. तो मोठा प्रश्न आहे.

… ऐकू आलं का तुले?… नाही, कुत्रं नाही. माणूस आहे. राजदीप आहे.

राजदीप वं, आपला ऑपरेटर! तूच तर शिकवली त्याले सारी मशीन, तीन दिवस फोनवरून… हो, तोच, "मॅडम, मॅडम" करणारा. तुझ्यापेक्षा सहा वर्षांनं मोठा, दोन लेकरांचा बाप, तरी मॅडम म्हणते.

त्याले धरलं लोकायनं. काट्यापाशी. खिडकीच्या गजातून दिसते मले.

मारून राहिले, दुसरं काय करतेत?… नाही, आता थापडा नाही. थापडा साडेबारा वाजता होत्या. मग चपला झाल्या. आता यादोरावनं बोर्डाची वायर दुहेरी केली आहे… म्हटलं ना मागून सांगतो म्हणून. सांगतलो. अंगातला सदरा पाठीले चिकटला आहे त्याचा. पांढरा होता. धुवून, कडक इस्त्री करून येते तो रोज, बाकी कोणी येत नाही तसं, आणि मले वाटते त्याचाही राग होता लोकायच्या मनात कधीचा.

थांब… पडला. नाही, उठवला. दोघांनी बगलेत धरून उठवला, मारता यावं म्हणून.

मी काय करू? मी पोलिसायले फोन केलो. गाडी निघाली आहे म्हणतेत, पण कोहमाऱ्याच्या पुढं रस्त्यावर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. आपलेच. गाडी येणार कुठून, धानावरून?

काऊन त्यालेच मारतेत? बाई, तू पुण्यात राहून भोळी झालीस. कंप्युटरवर बसते तो. मेसेज कंप्युटरनं सोडला. हिशोब सरळ आहे लोकायचा. आणि पहिली थापड मारायच्या आधी एकानं त्याले आडनाव विचारलं. माहीत असून विचारलं. चार वर्षं ज्याच्या हातून पावत्या घेतल्या त्याचं आडनाव माहीत नसते का? पण मोठ्यानं वदवून घेतलं सगळ्यांसमोर, आणि मग हात पडला. आडनाव आपलं असतं तर बाचाबाची झाली असती, वायर निघाली नसती. मी सगळं पाहून राहिलो इथून. कोण मारते, कोण नुसता वर हात करते आणि मारत नाही, कोण मागून येऊन एक लाथ घालून परत रांगेत जाऊन उभा राहते नंबर जाऊ नये म्हणून. सारी गावकी समजून राहिली मले आज.

रडू नको. अवं, रडून काय…

काय उघडलीस? तक्ता? तो जुना?… उघड, उघड. मग?

हो, मापांचा तक्ता. तूच पाठवला होता पोळ्याच्या वेळी. किलो, क्विंटल, पोतं, गठाण, नग. एक असेल तर काय म्हणाचं, जास्ती असेल तर काय. 'एक पोतं', 'चार पोती'. 'एक गठाण', 'तीन गठाणी'. लोकायनं हासू नये म्हणून. आधीच्या मशीनवर 'चार पोतं' येत होतं, नाही?… हो, हो, चांगलं काम केलंस, कोण नाही म्हणते? पहिल्या दिवशी लोक बोर्डाखाली उभे राहून वाचत होते. म्हणत होते, हा बोर्ड आपल्यासारखा बोलते.

सहा रकाने होते त्यात. वाच… शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ, बाकी. बरोबर.

मराठीले दोनच लागतेत? एक आणि बाकी?… चार रकाने दुसऱ्या देशाच्या भाषेसाठी? अरबीसाठी?… मग गोंदिया जिल्ह्यात कायले पाठवले?… सगळ्यांसाठी तक्ता एकच असते. बरं. आणि मराठीनं ते रिकामे सोडाचे… तसं लिहलं होतं? कुठं?… खाली? इंग्रजीत? बारीक अक्षरात?

राखी, वीस वर्षांत मी एक रकाना रिकामा सोडलो नाही. रकाना रिकामा राहिला की ऑडिटवाला त्याच्यात बोट घालते. काहीच नसलं तरी आडवी रेघ मारतो मी, रेघेवर सही करतो. आणि तू म्हणतेस सोडून द्यायचे होते.

कोण भरलं?… ऑफिसातून भरला गेला.

ऑफिसातून म्हणजे… ऑफिसातून. राजदीप टाईप करून राहिला होता… हो, टाईप त्यानं केलं. मग त्यानंच भरला म्हणायले काही… नाही. नाही म्हणतो ना.

थांब, इथं टेबलावर त्याचा फोन वाजून राहिला. राजदीपचा. 'अल्का' लिहून आलं. बायको त्याची… नाही उचलत. काय सांगू? तुझा नवरा समोरच आहे, दिसते मले, देऊ का त्याले?… बंद झाला. नाही, परत सुरू झाला… उदाराम, तो फोन उलटा ठेव रे. वाजू दे, पण उलटा ठेव.

हो. ऐकून राहिलो… काकाजी खरं सांगा म्हणतेस. खरं.

मी भरलो. मीच.

तूच तर म्हटली होती, आठव. तक्त्याच्या वरती मराठीत लिहलं होतंस, 'काकाजी, कचेरीची भाषा नको. घरात बोलता तशी लिहा.' नाहीतर माझा शब्द तयार होता. निरंक. आयुष्यभर लिहून राहिलो. साठा निरंक, आवक निरंक, तक्रारी निरंक. पण तुझं म्हणणं की निरंक म्हणजे शेतकऱ्याले काय समजते? मग मी तक्ता घेऊन घरी गेलो, स्वैपाकघरात उभा राहिलो आणि तुझ्या काकूले विचारलो. म्हटलो, सुशीला, कोठीत तांदूळ एकही दाणा नाही, तर तू काय म्हणतेस?

काय म्हणणार ती?… तुझी आई काय म्हणते? मीठ संपलं म्हणते का कधी? तेल नाही म्हणते का दिवेलागणीले? 'तेल भरपूर आहे वं, येतानी घेऊन ये.' घरात नाही हा शब्द काढाचा नाही. लक्ष्मी ऐकते. आपल्याकडं लेकरंही समजतेत की आई भरपूर म्हणली म्हणजे दुकानात पळाचं. तर तिनं सांगितलं, 'भरपूर.' मले मोठं आवडलं. म्हटलो, असा शब्द पुण्यातल्या कोणाले सुचणार? शून्याच्या रकान्यात लिहून टाकलो. दोनले 'जोडी' लिहलो, थोडेले 'जेमतेम'. सही केलो.

आणि गंमत सांगू? सकाळी यादोरावची बायको तुझ्या काकूले सांगत होती. मेसेज घरी तिनं वाचला. वाचला आणि नवऱ्याले म्हणली, जाऊ नका, संपला दिसते. तिले समजलं! तो म्हणला, तो सरकारी मेसेज आहे, तुझ्या चुलीवरचा नव्हे. आणि ट्रॅक्टर काढला. गावातल्या बहुतेक बाया घरी आहेत आणि सारे माणसं इथं आहेत, पाहा.

हासलीस का? हास. मीही सकाळी हासलो होतो.

… आई गं.

काही नाही. उभारीचं टोक लागलं त्याले. कानापाशी… रक्त? हो. आहे. विचारू नको किती, मोजायची गोष्ट नाही ती.

आणखी एक आहे, राखी. आता सांगूनच टाकतो. राजदीपनं पाहलं होतं हे. चाचणीच्या दिवशी. शून्य टाकून पाहलं त्यानं, बोर्डावर भरपूर आलं. धावत आला. 'साहेब, पोतं नसतानी भरपूर दाखवून राहिलं, मॅडमले सांगू का?' मी त्याले झापलो. चार माणसांसमोर. म्हटलो, तुले आमच्या घरातली बोली काय समजते? तू टाईप कर… हो. 'आमच्या घरातली' म्हटलो. त्याच्याही आईच्या तोंडी तोच शब्द असेल. पण मी 'आमच्या' म्हटलो. तो परत जाऊन टाईप करू लागला. नंतर काहीच बोलला नाही कधी.

आणि आज बाहेर मीच पाठवलो त्याले. बारा वाजता. म्हटलो, तू जा, समजावून सांग, तुझं बोलणं गोड आहे. तो गेला आणि मी कडी लावलो… हो, मी. उदाराम नाही. उदाराम तर म्हणत होता थांबा. कडीवर माझा हात होता.

तेच विचारून राहिलीस ना मघापासून? झालं सांगून.

… काय? काय करू शकतेस तू?… मेसेज? आत्ता?… पुण्यातून, सगळ्यायले, एका दाबात? सहाशे चाळीस?… अवं मग मघापासून रडून काऊन राहिलीस! यांच्या साऱ्यांच्या खिशात फोन आहेत! मारतानी छातीवर हात ठेवून धरतेत, पडू नये म्हणून, मी पाहलो! पाठव, पाठव!

सांगतो, लिही. 'सर्व शेतकरी बंधूंना कळविण्यात येते की'… काय? नाही बसत?… सत्तर अक्षरं? काना-मात्रा धरून? इंग्रजीले एकशे साठ आणि आपल्याले सत्तर? वा रे वा, तिथंही.

बरं, थोडक्यात. 'संगणकाच्या चुकीने बारदाना भरपूर दिसला. साठा निरंक. क्षमस्व.' बसते का?… बसते. टाक.

काऊन? नाव कशाले? नाव घालाचं नाही कोणाचं. वीस वर्षं असंच लिहून राहिलो मी, कोणाले सस्पेंड केलं नाही की कोणी मार खाल्ला नाही. टाक म्हटलं ना.

… टाकलंस? थांब… थांब… हां, उदारामचा वाजला. राजदीपचाही वाजला इथं टेबलावर. बाहेर… अरे राम. सारे वाजून राहिले. तुले काय सांगू, सारं आवार वाजून राहिलं. थांबले! मारायचे थांबले, राखी! सारे खाली पाहून राहिले, शाळेतल्यासारखे. यादोराव फोन दूर धरून वाचून राहिला, चष्मा नाही त्याचा. एक जण मोठ्यानं वाचून दाखवून राहिला… 'संगणकाच्या'… हां… हां, वाचा, वाचा…

नाही.

अरे नाही. नाही, नाही…

राखी, ते म्हणून राहिले, कंप्युटरची चूक म्हणजे याचीच. कबूल झाला म्हणतेत. लेखी दिलं म्हणतेत साल्यानं! उचलला त्याले… चार जणांनी उचलला, हातपाय धरून… काट्याच्या पाटावर टाकून राहिले. पोत्यासारखा. एक जण ओरडून राहिला, तोला याले, तोला. हासून राहिले वं. हासून राहिले आणि मारून राहिले. आता उभारी एका दांडग्या गड्याच्या हातात आहे.

आई गं… डोक्यावर हात धरला त्यानं. त्या हातावरच बसली.

मी लिहलो हे. मीच लिहून दिलो ना तुले आत्ता?

उदाराम, तू असं पाहू नको माझ्याकडं.

राखी. राखी, ऐक. दुसरा लिही. लवकर… हो, रडत रडत लिही, पण लिही. 'माझ्याकडून अनवधानाने'… नाही बसत? अनवधानाने काढ. 'सद्हेतूने'… तेही काढ. 'लिहिले गेले' नको. 'भरपूर मी लिहिलं.' हां. तसं. 'मी लिहिलं.' पुढं, 'राजदीप निर्दोष.' पुढं माझं नाव. केवळराम. सचिव टाक, नाहीतर म्हणतील गावात चार केवळराम आहेत.

काकूचं?… नाही. तिचं नाव नाही. ती चुलीपाशी बोलली, ते तिच्या घरातलं होतं. बोर्डावर चढवलो मी. मधात आणू नको तिले, कधीच. तुझ्या आईलेही सांगू नको.

किती झाले?… जागा आहे का?… मग त्याच्यात घाल, 'मी आत आहे.'

काऊन म्हणजे? नुसतं नाव वाचून काय करतील? शोधतील, शोधता शोधता त्याच्यावरच आणखी दोन हाणतील. जागा समजली म्हणजे इकडं येतील. 'मी आत आहे.' लिही.

नाही पाठवत म्हणतेस?… बेटा, ऐक. तुले काकाजी एक आहे हे खरं. पण अल्काचा फोन टेबलावर पाच वेळा वाजला. मी मोजून राहिलो… मी साठीले आलेला माणूस, मले मारतानी यांचा हात थोडा तरी थबकल. आपल्यातला आहे म्हणतील. आडनाव विचारणार नाहीत मले. तेवढं तरी माझ्याजवळ आहे, त्याच्याजवळ नाही… पाठव.

राखी, तो हलून नाही राहिला पाटावर. दाब ते बटण.

… दाबलंस?… वाजला. उदारामचा वाजला. काय पाहतोस रे, वाच. मोठ्यानं वाच, मलेही ऐकू दे… 'भरपूर मी लिहिलं. राजदीप निर्दोष. मी आत आहे. केवळराम, सचिव.' हां. बरोबर आलं. अक्षरही चांगलं आलं.

बाहेर… थांब, पाहून राहिलो. वाचून राहिले… आता कोणी मोठ्यानं नाही वाचून राहिलं. यादोरावनं दुसऱ्याच्या हातात फोन दिला. तो वाचून सांगून राहिला त्याले, कानात… त्यानं वायर खाली टाकली. एक बाई पाटाजवळ गेली. कोणाची आहे ती, ओळखू येत नाही, पाणी घेऊन गेली. पदरानं पुसून राहिली… हात हलला! हलला, राखी. उजवा हात. फोन शोधून राहिला वाटते खिशात, अरे तो इथं आहे रे बाबा, इथं आहे टेबलावर…

उदाराम, हा फोन त्याले नेऊन दे. मागच्या खिडकीतून उतर आणि फिरून जा. आणि त्याच्या बायकोले म्हण, जिवंत आहे. पहिले ते म्हण, मग बाकीचं. दवाखान्यात नेतानी माझी गाडी घे, चावी खिळ्याले आहे… जा ना! मले काय सोबत पाहिजे, मी काय लेकरू आहे?

… हो, आहे मी. आहे. सगळे या खिडकीकडं पाहून राहिले आता. कसं सांगू तुले… दीडशे माणसं आणि आवाज नाही. मघाशी गोंधळ होता तर बरं वाटत होतं.

आले. येऊन राहिले… नाही, धावत नाही. चालत. यादोराव पुढं आहे.

हा आवाज? दारावर थाप पडली… कपाट धरून आहे अजून. रजिस्टरं हलून राहिली आत.

नाही, मागच्या खिडकीतून मी जात नाही. लिहून दिलं ना, आत आहे म्हणून. आता ते तरी खरं निघू दे… रडू नको. तुझा तक्ता चांगला आहे. त्या चार रकान्यांवर रेघ मार आणि खाली बारीक लिहलं आहे ते वरती मोठं लिही, मराठीत. एवढंच कर.

ऐकतेस का? ते हाक मारून राहिले. नावानं. 'केवळरामभाऊ' नाही म्हणून राहिले, नुसतं केवळराम.

आलो रे, आलो! धक्के मारू नका, कपाट माझ्याच अंगावर येऊन राहिलं, सरकवू तर द्या!…

राखी, आता तू ठेव. पुढचं तुले ऐकायचं नाही… नाही म्हटलं ना. ठेव बेटा… ठेवत नाहीस? बरं, मग मीच ठेवतो.